पोराच्या कानांचं ऑपरेशन केलं – डॉक्टरांना पाच, काउंटरला दोन स्टार

पोरगा आठ वर्षांचा, कान बाहेर आलेले. आमच्याकडे आजोबांपासून सगळ्यांचेच तसे त्यामुळे घरात कुणाला काही वाटायचं नाही, आजी तर गणपतीचे कान म्हणून कौतुक करायची. पण व्हॅनमधली पोरं डिश अँटेना म्हणायला लागली आणि हा कटिंगला जायलाच तयार नाही, केस कानावरच पाहिजेत. शेवटी कर्वे रोडच्या एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो (नाव देत नाही, पुढे तक्रार पण आहे).

साडेसहाची अपॉइंटमेंट, आठला आत घेतलं. पण डॉक्टरांनी आम्हाला सोडून सरळ त्यालाच विचारलं, तुला करायचंय का आईबाबांना? तो म्हणाला माहीत नाही. मग म्हणाले तीन महिन्यांनी या, कान पाच-सहा वर्षांपर्यंत जवळजवळ पूर्ण वाढतो, आता थांबलं तर काही बिघडत नाही. पुण्यात गिऱ्हाईक परत पाठवायची पद्धत जुनीच आहे म्हणा, पण इथे कारण पटलं. तीन महिन्यांनी तोच म्हणाला, जाऊया.

एक गोष्ट मात्र लागली. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत आणलं असतं तर नुसता मोल्ड, म्हणजे कानाला आकार देणारा साचा, लावून काम होऊ शकलं असतं, बाळाच्या अंगात उरलेल्या आईच्या हार्मोन्समुळे तेव्हा कानाची कूर्चा, म्हणजे आतला लवचिक सांगाडा, मऊ असते. आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो, मालिशवाल्या मावशी रोज कान दाबायच्या तेवढंच.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन. चीर कानाच्या मागे, आतून टाके घालून कूर्चा दुमडतात, त्यामुळे समोरून वण दिसत नाही. भुलीनंतर दोन उलट्या झाल्या, रात्री बराच रडला. आठवडाभर डोक्याला पगडीसारखं बँडेज आणि मग कितीतरी दिवस झोपताना हेअरबँड, तो काढून उशीखाली लपवायचा. दोन्ही कान अगदी सेम होणार नाहीत हे आधीच सांगितलं होतं, डावा किंचित पुढे आहे, आम्हालाच दिसतो.

आता तक्रार. काउंटरवरची बाई मेडिक्लेम होऊन जाईल म्हणाली म्हणून निवांत होतो, आणि क्लेम कॉस्मेटिक म्हणून रिजेक्ट. परत विचारायला गेलो तर, तुमच्या कंपनीला विचारा. जाणार असाल तर कंपनीकडून आधी लेखी घ्या, आणि गाडी नेऊ नका, पार्किंग नाहीये.