वॉलपेपर काढल्यानंतरची भिंत: डागडुजी, सिमेंट पुट्टी की ॲक्रिलिक पुट्टी?

वॉलपेपर निघाला की 'दोन हात पुट्टी मारू, सगळे झाकले जाईल' असे आश्वासन रंगारी देतो आणि घरमालक पुट्टीच्या, म्हणजे रंगाआधी भिंत गुळगुळीत करणाऱ्या लेपाच्या, भावांची चौकशी सुरू करतो. वास्तविक कोणती पुट्टी घ्यावी, किंबहुना संपूर्ण भिंतीला ती लागते का, हे कागदाखाली काय दडले आहे त्यावरून ठरवायला हवे, आणि त्यासाठी भिंतीची पाहणी आधी करावी लागते.

पहिली पाहणी खळीची, म्हणजे वॉलपेपर ज्याने चिकटवला होता त्या चिकीची. विनाइल वॉलपेपरचा वरचा थर सोलून निघतो, पण त्याचा पातळ पाठकागद बऱ्याचदा भिंतीलाच चिकटून राहतो. तो कोमट पाण्याने भिजवून, दहा-पंधरा मिनिटे थांबून, रुंद पत्तीने हलक्या हाताने खरवडावा लागतो. त्यानंतर भिंत स्वच्छ दिसली तरी ओला हात फिरवून पाहावा. बोटांना बुळबुळीत लागले तर खळ शिल्लक आहे. ती स्टार्चची असेल, तर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकताच तेथे निळा-काळा डाग उमटतो. अशा खळीवर पुट्टी किंवा पाण्यातला रंग चढवला, तर त्यातील पाण्याने ती पुन्हा फुगते, सुकताना आकसते आणि वरच्या थराला बारीक भेगा पाडून त्याचे पापुद्रे सोडवते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर तिच्यावर बुरशीही धरते. म्हणून पुढे कोणताही पर्याय निवडला तरी कोमट पाणी आणि स्पंज घेऊन, पाणी वारंवार बदलत केलेली ही धुलाई टाळता येत नाही.

दुसरी पाहणी गिलाव्याची. स्विचबोर्डापासून दूर, सहसा दिसणार नाही अशा कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने थोडा खोल ओरखडा काढावा. जुन्या पुट्टीखालून करडी, वाळूसारखी खरखरीत पूड आली तर गिलावा सिमेंटचा आहे. खोलवर पांढरी मऊ भुकटीच निघत राहिली तर जिप्सम किंवा पीओपी आहे, जे अलीकडच्या इमारतींत आतल्या भिंतींना सर्रास वापरतात. टोक चकचकीत, चिवट थरावरून घसरले तर खाली जुना ऑइल पेंट आहे.

आता पर्यायांकडे. भिंत मुळात सपाट असेल आणि केवळ खिळ्यांची भोके, पत्तीचे ओरखडे व एखाद-दुसरा उखडलेला तुकडा असेल, तर डागडुजी पुरते. खर्च, धूळ आणि वेळ तिघांतही हा पर्याय उजवा ठरतो. त्याची कसोटी तिरप्या उजेडात लागते: संध्याकाळी टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरली, की भरलेल्या जागांच्या कडा उठून दिसतात. मॅट रंग या कडा बराचसा सामावून घेतो, चमकदार रंग मात्र त्या उघड्या पाडतो.

सिमेंट पुट्टीचे बळ तिच्या कडकपणात आणि ओलाव्याला तोंड देण्याच्या क्षमतेत आहे. ती पावडर पाण्यात कालवून दोन-तीन तासांत संपवावी लागते, भिंतीवर आधी पाणी मारावे लागते आणि दोन हात मिळून साधारण दीड मिलिमीटरहून जाड थर देऊ नये. उघड्या सिमेंट गिलाव्यावर ती उत्तम बसते. ऑइल पेंट किंवा डिस्टेंपरवर (खडूच्या भुकटीचा स्वस्त रंग) ती धरत नाही. जिप्समवर तर ती मुळीच लावू नये, कारण ओल लागल्यास सिमेंट आणि जिप्सम यांच्यात रासायनिक क्रिया होऊन थर सुटतो.

ॲक्रिलिक पुट्टी तयार मिळते, प्रायमरवर (वरचा थर नीट धरावा म्हणून आधी देतात तो अस्तराचा रंग) लावतात, पॉलिश पेपरने सहज घासली जाते आणि जिप्समवर किंवा घासून चमक घालवलेल्या जुन्या रंगावरही चांगली चिकटते. किलोमागे ती महाग पडते, पण तिची खरी मर्यादा किमतीची नसून ओलीची आहे: बाथरूमला लागून असलेल्या किंवा पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर ती फुगते.

माझे मत असे की सिमेंटचा गिलावा उघडा पडला असेल तर सिमेंट पुट्टी घ्यावी, जिप्सम किंवा टिकून राहिलेला जुना रंग असेल तर ॲक्रिलिक. आणि भिंतीचा बहुतांश भाग धड असेल तर रंगाऱ्याने कितीही आग्रह केला तरी डागडुजीवरच थांबावे. जिप्सम मऊ असल्याने धुलाईत खळ पूर्ण निघत नसेल, तर तेथे पाण्यातल्या प्रायमरऐवजी सॉल्व्हंट प्रायमर (पाण्याऐवजी टर्पेंटाइनसारख्या द्रावकातला) वापरावा, कारण तो खळीला पुन्हा भिजवत नाही.

ओल झाकण्यासाठीच वॉलपेपर लावला गेला होता का, हेही तपासायला हवे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमले, तर आधी गळती शोधावी. तोवर कोणत्याही पुट्टीवर पैसा घालू नये.

जुन्या घरातील ऑइल पेंट घासताना विशेष जपावे. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्यामुळे त्यापूर्वीच्या थरांत शिसे असू शकते. असा थर कोरडा न घासता पाणी लावून घासावा, मास्क वापरावा, मुलांना व गर्भवतींना त्या खोलीपासून दूर ठेवावे आणि खाली पडलेला चिखल झाडूने न झाडता ओल्या फडक्याने उचलावा.