जुनी गाडी घरी सांभाळायची तर कोणती घ्यावी: कार्ब्युरेटरची, सुरुवातीच्या इंजेक्शनची की स्कॅनर लागणारी?

जुनी गाडी घ्यायची, चालती ठेवायची आणि होईल तेवढं काम घरीच करायचं, असं ठरवलेला माणूस आधी रंग आणि क्रोम बघतो. माझं सांगणं असं की आधी बॉनेट उघडा. इंजिनला पेट्रोल कोण पाजतं आणि ठिणगी कोण पाडतं, एवढंच बघा. पुढची कित्येक वर्षं तुमचे सुट्टीचे दिवस कसे जाणार, ते तिथेच ठरतं.

ढोबळमानाने तीन पिढ्या आहेत. पहिली कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा यांत्रिक भाग) आणि पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे छोटे संपर्क). दुसरी सुरुवातीच्या इंजेक्शनची, म्हणजे प्रेशरने पेट्रोल फवारणारी: बॉशची डी-जेट्रॉनिक ही इंजेक्शन पद्धत १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर आली, सत्तरच्या दशकात के आणि एल-जेट्रॉनिक आल्या, आणि नव्वदच्या दशकापर्यंत जवळपास प्रत्येक कंपनीची स्वतःची वेगळी पद्धत होती. तिसरी पिढी सोळा पिनांच्या सामायिक सॉकेटची, म्हणजे ओबीडी-२ ची; याच सॉकेटला स्कॅनर लावून गाडीचे दोष वाचता येतात. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून त्याच धर्तीचा नियम आला. या गाड्याही आता पंचवीस वर्षांच्या पुढे चालल्या आहेत, म्हणून त्यांना या तुलनेत घेतलंय.

पॉइंट आणि कार्ब्युरेटर: सतत बोलणारी गाडी

ही गाडी अचानक दगा देत नाही, आधी महिनाभर कुरकुर करते. सकाळी चोक जास्त वेळ लागतो, चढावर पिकअप कमी वाटतो, आयडलिंगला इंजिन हलकं थरथरतं. ऐकायची सवय लागली की अर्धं निदान तिथेच होतं.

पॉइंटचं उदाहरण घ्या. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत गॅप ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात बघावा. डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजते, त्यामुळे गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे सरकतं. गाडी जड वाटू लागते, थोडी जास्त तापते, पेट्रोल जास्त पिते. उपाय म्हणजे फिलर गेज, स्क्रूड्रायव्हर, कॅमवर ग्रीसचा बोट पुसण्याइतका थर आणि मग टायमिंग लाइट. अर्धा तास पुरतो. मात्र हे काम दर काही हजार किलोमीटरला पुन्हा येतं, आणि ज्याला याचा कंटाळा आहे त्याने ही गाडी घेऊ नये.

कार्ब्युरेटरच्या बाबतीत नवखा माणूस एकच चूक पुन्हा पुन्हा करतो, आणि मीही केली. गाडी गरम झाली की मिसिंग मारायची, थांबली की वीस मिनिटं सुरू व्हायची नाही. मी कार्ब्युरेटर दोनदा उतरवला, जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) फुंकले, आतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची मोजली, गॅस्केट बदलली. फरक शून्य. तिसऱ्या वेळी गाडी बंद पडली त्या क्षणीच कॉइलची वायर काढून ठिणगी बघितली: पिवळट, अशक्त, मधूनच गायब. दोष कंडेन्सरचा, म्हणजे पॉइंटला जोडलेल्या छोट्या कपॅसिटरचा होता, गरम झाला की तो काम सोडायचा. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. आधी कॉम्प्रेशन, मग ठिणगी, मग टायमिंग, आणि कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी.

काही कार्ब्युरेटर तर स्वतःच उत्तर देतात. एसयू प्रकारात आतल्या पिस्टनला खालून एक छोटी पिन असते. इंजिन गरम असताना ती बोटाने जेमतेम मिलिमीटरभर उचलायची आणि कान द्यायचा. आवाज क्षणभर चढून लगेच स्थिरावला तर हवा-पेट्रोलचं मिक्श्चर बरोबर. चढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन दबकं झालं, बंद पडू लागलं, तर पेट्रोल कमी. एवढं सरळ निदान मला दुसऱ्या कुठल्याच पिढीत मिळालेलं नाही.

इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते मोजणारा व्हॅक्यूम गेजही या पिढीचा मोठा आधार. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर असतो. उंचीवर दर तीनशे मीटरला साधारण इंचभर कमी धरायचा. काटा खाली पण स्थिर असेल तर टायमिंग मागे असेल किंवा इंजिन कुठून तरी हवा ओढत असेल. ठरावीक लयीत झटका खात असेल तर एखादा व्हॉल्व्ह बघायचा. संथ झुलत असेल तर मिक्श्चर.

दोष सांगायचे तर: पेट्रोलचा वास येतो, थंडीत हट्ट करते, आणि महिनाभर उभी राहिली की फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून जेटमध्ये चिकट थर बसतो. क्वचित चालवणार असाल तर हा शेवटचा मुद्दा गंभीरपणे घ्या.

सुरुवातीचं इंजेक्शन: वर्षानुवर्षं गप्प, मग एकदम मुकी

चांगल्या अवस्थेत ही गाडी चालवायला फार सुखाची. थंडीत पहिल्या सेल्फला सुरू, चोकची कटकट नाही, पिकअप सलग. अडचण येते ती बिघडल्यावर. ती काही बोलत नाही, आणि तिला विचारायला सामायिक भाषाही नाही. काही गाड्यांत दोन टर्मिनल वायरने जोडले की डॅशबोर्डवरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, ती उघडझाप मोजून कोड काढायचा. सुरुवातीच्या अनेक गाड्यांत तेवढीही सोय नाही.

म्हणजे इथे काम मल्टिमीटर आणि पेट्रोलचा प्रेशर गेज यांवर चालतं. एल-जेट्रॉनिकचं प्रेशर साधारण २.५ बार, के-जेट्रॉनिकचं त्याच्या जवळपास दुप्पट. कार्ब्युरेटरच्या यांत्रिक पंपाला पाव-एक बार पुरतो. या फरकाचा अर्थ नीट समजून घ्या. जुनी रबरी नळी कार्ब्युरेटरच्या गाडीत तडकली तर पेट्रोल ठिबकतं. इथे तडकली तर गरम इंजिनवर फवारा उडतो. इंजेक्शनची जुनी गाडी घेतली तर पहिलं काम सगळ्या पेट्रोलच्या नळ्या बदलणं, त्याही त्या प्रेशरच्या आणि इथेनॉल सोसणाऱ्या. जोड सोडण्याआधी प्रेशर उतरवायचं, बॅटरी सुटी करायची, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवायचं. याला दुसरा पर्याय नाही.

बाकी बहुतेक दोष मेंदूच्या पेटीत, म्हणजे ईसीयूत, नसतात, तिच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेत असतात. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर बघा. बॉश प्रकारात तो वीस अंशाला दोन-अडीच किलोओहम दाखवतो, ऐंशीला तीनशे ओहमच्या आसपास येतो. त्याच्या कनेक्टरवर गंज चढला की रेझिस्टन्स वाढतो, ईसीयूला वाटतं इंजिन गारठलंय, आणि ते गरम इंजिनात पेट्रोल ओतत राहतं. माझ्याकडे एक गाडी अशीच आली. प्लग काजळीने काळे, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, आणि आधीच्या मालकाने इंजेक्टर बदलून झालेले. कनेक्टर साफ केला, पिना थोड्या आवळल्या, काम झालं.

आणखी एक सोपी परीक्षा. एल-जेट्रॉनिकमध्ये आत जाणारी हवा एका झडपेने मोजली जाते, त्यामुळे झडपेच्या पुढे कुठूनही शिरलेली हवा हिशेबाबाहेर राहते. इंजिन आयडलिंगला ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण उघडा, म्हणजे त्या वाटेने न मोजलेली हवा शिरेल. इंजिन अडखळलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर समजायचं की हवा आधीच दुसरीकडून शिरतेय.

या पिढीचा खरा शत्रू म्हणजे वय. रिलेच्या आतल्या डांकाला केसासारखी भेग जाते आणि गाडी फक्त गरमीत बंद पडते. ईसीयूमधले कपॅसिटर गळतात आणि बोर्डवरचे तांब्याचे मार्ग खातात. हवा मोजणारी झडप किंवा के-जेट्रॉनिकचा पेट्रोल वाटणारा भाग नवा मिळणं अवघड असतं. कार्ब्युरेटरचं किट आजही नव्याने बनतं, पण या भागांचं तसं नाही.

ओबीडी-२: बोलते खूप, पण अर्थ आपण लावायचा

स्वस्तातला स्कॅनर लावला की कोड मिळतो, आणि घरी काम करणाऱ्याला वाटतं निदान झालं. कोड म्हणजे तक्रार, निदान अजून पुढे आहे. पी०१७१ एवढंच सांगतो की मिक्श्चरमध्ये पेट्रोल कमी पडतंय. तो कोड वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे खूप आहेत, आणि बहुतेकदा तो सेन्सर खरं बोलत असतो.

या पिढीचं मोल लाइव्ह डेटात आहे. फ्युएल ट्रिम नावाचा आकडा बघायला शिका. ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतंय किंवा घटवतंय, ते तो सांगतो. समजा आयडलिंगला तो अधिक वीसवर आहे आणि इंजिन अडीच हजार आरपीएमला नेल्यावर शून्याजवळ आला. म्हणजे कुठेतरी हवेची गळती आहे, कारण वेग वाढल्यावर तेवढी गळती एकूण हवेच्या मानाने नगण्य होते. उलट झालं, म्हणजे आयडलिंगला ठीक आणि जोर दिल्यावर आकडा चढला, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर कमी पडतोय असं आधी धरा. हवा मोजणारा सेन्सर मळला असेल तरी असंच दिसतं, म्हणून तोही साफ करून बघा. एकही नट न सोडता इतकं कळतं.

पण भाग जास्त, जागा कमी, आणि प्लॅस्टिक म्हातारं झालेलं. कनेक्टरचा खटका हातात तुटून येतो. किल्लीतल्या चिपची ओळख पुसली गेली तर घरचा माणूस हतबल होतो.

तिन्हींना सारखं लागू

जुन्या गाडीतले निम्मे इलेक्ट्रिकचे भुताटकी दोष अर्थिंगचे असतात. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू इंजिनवर साधारण १३.८ ते १४.४. मग मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या पुढे आकडा गेला तर ती अर्थ वायर साफ करा किंवा बदला. साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं, तिथे सवयीने उलटी बॅटरी लावू नका. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली, स्टँड लावल्याशिवाय, हातसुद्धा घालू नका.

मग कोणती?

सुट्टीच्या दिवशी चालवायची, हाताने शिकायचं आहे आणि इंजिनशी खेळण्यातच आनंद आहे, तर कार्ब्युरेटरची घ्या. पॉइंटचा त्रास नको असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारं इलेक्ट्रॉनिक किट टाका. मी टाकलंय, आणि जुनी पॉइंटची प्लेट कंडेन्सरसकट डिकीत ठेवली आहे, कारण किट गेलं तर रस्त्यात ते दुरुस्त होत नाही आणि पॉइंट वीस मिनिटांत बसतात.

रोज कामावर न्यायची असेल तर ओबीडी-२ ची. यात मला फारशी शंका नाही.

मधल्या पिढीची गाडी फक्त तिच्यावरच जीव जडला असेल तर घ्या, आणि तेही कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल, वायरिंगचा नकाशा आणि जमलंच तर एक जादा ईसीयू हाती असेल तेव्हा. मी स्वतः अशी एक ठेवली आहे. तिच्यासारखं गुळगुळीत इंजिन मी दुसरं चालवलेलं नाही, पण पहिली गाडी म्हणून ती मी कुणाला सुचवणार नाही.

कुठलीही बघायला जाल तेव्हा मालकाला आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर गप्पा सुरू करण्याआधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागली तर त्या दिवशी फक्त चहा-पाणी घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. थंड इंजिनाची पहिली दोन मिनिटं तुम्हाला स्वतः ऐकायची आहेत.