शंभर गावठी कोंबड्यांना काय घालायचं: सोयापेंड, रेशमाचे प्यूपे की माशीच्या अळ्या?

बेळगावजवळच्या खानापूरकडे पहिला पाऊस पडला की उधईला पंख फुटतात आणि कोंबड्या अंगणभर धावून ती टिपतात. किडा हे त्यांचं मूळचंच खाणं. तो आपण मुद्दाम वाढवायचा की निपाणी-चिकोडीकडून पेंडीचं पोतं आणून मोकळं व्हायचं, एवढंच ठरवायचं आहे.

पेंडीत प्रथिनं ४४ ते ४८ टक्के. बारमाही मिळते, पोतं उघडलं की काम झालं. भाव मात्र आपल्या हातात नसतो. घरचं सोयाबीन आहे म्हणून कच्चंच भरडून घालू नका. कच्च्या दाण्यातल्या घटकांमुळे प्रथिनं नीट पचत नाहीत. दाणा आधी नीट भाजायला हवा.

रेशीम काढून उरलेल्या सुक्या प्यूप्यांत, म्हणजे कोशातल्या किड्यांत, निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. पण चरबी भरपूर, ती लवकर खवट होते आणि वास अंड्यापर्यंत पोचतो. शिवाय रेशमाचा मोठा धंदा बेंगळुरूजवळच्या रामनगर-शिडलघट्ट्याकडे, म्हणजे आपल्यापासून फार लांब. बेळगावच्या माणसाने हा पर्याय सोडून द्यावा, असं मला वाटतं.

राहिली काळी सैनिक माशी, म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय. ती चावत नाही, घरमाशीसारखी अन्नावर घोंघावत नाही. टबातल्या ओल्या कचऱ्यावर, उबेत, तिची अळी दोन-तीन आठवड्यांत तयार होते आणि कोशात जायच्या आधी कोरडी जागा शोधत स्वतःच टबाबाहेर चढते. टबाच्या आतून काठापर्यंत तिरकी फळी लावा, काठाबाहेर खाली बादली ठेवा, वेचायचं काम तीच करते. सुक्या अळीत प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास, शिवाय कॅल्शियम चांगलं. अंड्यावरच्या कोंबडीला ते हवंच असतं.

आता हिशेब. शंभर कोंबड्या दिवसाला साधारण १० किलो खाद्य खातात. त्यातलं १० टक्के अळ्यांवर भागवायचं तर १ किलो सुक्या, म्हणजे सुमारे ३ किलो ओल्या अळ्या लागतात. त्यासाठी रोज १५ ते २० किलो ओला कचरा हवा. बेळगावच्या भाजी बाजारातली टाकाऊ पालेभाजी, सडकी रताळी, फळांच्या साली रोज फुकट आणता येत असतील तरच हे जमेल. कचऱ्यासाठी गाडीभाडं मोजायची वेळ आली, तर पेंडच स्वस्त. फवारणीची भाजी नको, अळ्या मरतात. हॉटेलचं उष्टं आणि शेणही टाळा. युरोपीय संघाने २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यात किड्यांची प्रथिनं वापरायला मुभा दिली, पण तिथेही अळ्यांना या दोन्ही गोष्टी घालता येत नाहीत.

खरी अडचण आपल्या पावसाची. माशीच्या मिलनाला ऊन लागतं आणि खानापूरच्या आषाढात ते दिसत नाही. टबात पाणी साचून अळ्या गुदमरतात. थंडीत वाढ मंदावते. म्हणून जून ते जानेवारी नुसती पेंड आणि फेब्रुवारी ते मे पेंडीला अळ्यांची जोड, हाच मेळ मला पटतो.

माणसाच्या ताटाचं विचाराल, तर ओडिशातल्या सिमिलीपालच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे कुणाला हौस वाटली, तर कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी लांब राहावं. किड्यांनीही तोच त्रास होऊ शकतो.

अळ्या उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवा. सुरुवात एका टबापासून, फेब्रुवारीत.