आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्के: जुन्या ब्रेटोनियन फौजेचा रंग उतरवायला कितपत कामाचं?

१९९६ साली वॉरहॅमरच्या, म्हणजे छोट्या रंगवलेल्या मूर्तींनी टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या, पाचव्या आवृत्तीच्या पेटीत लिझर्डमेनसमोर (सरडेमाणसांच्या फौजेसमोर) ब्रेटोनिया या काल्पनिक राज्याचे प्लास्टिक नाइट, म्हणजे घोडेस्वार सरदार, उभे राहिले. २०१५ मध्ये तो जुना खेळ गुंडाळला गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने त्याचा नवा अवतार आल्यावर खोक्यांत पडलेल्या फौजा पुन्हा बाहेर निघाल्या. अशी जुनी फौज विकत घेतली की ती बहुधा रंगाच्या तीन-चार थरांखाली गाडलेली असते. घोड्याच्या झुलीच्या चुण्या दिसत नाहीत आणि शिरस्त्राणाची फट बुजलेली असते. हे थर उतरवायला आपल्याकडे सगळ्यात सहज मिळणारी वस्तू म्हणजे आयपीए, म्हणजेच आयसोप्रोपिल अल्कोहोल. सर्किट बोर्ड पुसायला विकतात तेच.

बाटलीवर ९९ टक्के लिहिलेलं असेल तरच घ्या. ७० टक्केवालं चालतं, पण पाण्यामुळे फार रेंगाळतं. हँड सॅनिटायझरच्या वाटेला तर जाऊच नका, त्यातलं ग्लिसरीन आणि जेल चिकटून बसतं. आयपीए हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं तर ९९ चं ९९ राहत नाही.

ओतण्याआधी मूर्ती कशाची आहे ते ओळखा. ब्रेटोनियाच्या बाबतीत इथेच लोक फसतात, कारण क्वेस्टिंग आणि ग्रेल नाइटमध्ये स्वार धातूचा आणि घोडा प्लास्टिकचा असतो. धातू दिसला म्हणून अख्खी मूर्ती अ‍ॅसिटोनमध्ये टाकली, तर स्वार चकाकत वर येतो आणि घोड्याचा चिखल तळाशी उरतो. मूर्तीखालचा काळा बेससुद्धा प्लास्टिकचाच असतो, तोही जातो. आयपीएचा खरा फायदा हा की पॉलिस्टायरीनला, म्हणजे या मूर्तींच्या प्लास्टिकला, ते विरघळवत नाही. मिश्र मूर्ती एकाच बरणीत जातात.

दुसरी चाचणी रंगाची. कानकाडीचा कापूस आयपीएत बुडवून घोड्याच्या पोटाखाली अर्धा मिनिट घासा. कापसावर रंग आला तर तो अ‍ॅक्रिलिक आहे, काम सोपं. काहीच आलं नाही तर इनॅमल (ऑइल पेंटसारखा रंग), पॉलियुरेथेन वॉर्निश किंवा गाडीचा स्प्रे प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) असण्याची शक्यता जास्त. तिथे हे द्रव्य हात टेकतं.

आता कृती. घट्ट झाकणाची काचेची किंवा पॉलिप्रॉपिलीनची बरणी घ्या. कागदी ध्वज आधी सोडवून ठेवा. एका वेळी पाच-सहा स्वार, वर दोन बोटं द्रव. पातळ रंग असेल तर अर्ध्या ते दोन तासांत सुटायला लागतो, जाड थराला रात्रभर ठेवा. प्लास्टिक २४ तासांपुढे नेऊ नका, भाल्यांची बारीक टोकं ठिसूळ होऊ शकतात. अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक दांड्या तर बुडवूच नका, त्यांना केसासारखे तडे जातात. बाहेर काढलेली मूर्ती वाळायच्या आत घासा. वाळली की सुटलेला रंग पुन्हा चिकटतो आणि सगळी मेहनत फुकट. प्लास्टिकला मऊ टूथब्रश, धातूला कडक, चिलखताच्या सांध्यांना लाकडी टूथपिक. सुई वापरली की ओरखडा पडलाच. शेवटी भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून पाण्यात धुवा.

खाचांमध्ये थोडा जुना रंग उरला तर उरू द्या. पातळ प्रायमर त्यावर बसतो. शेवटचा ठिपका काढायच्या नादात शिरस्त्राणाच्या कडा झिजवणारेच जास्त दिसतात.

सुपरग्लूचे सांधे रात्रभरात बरेचदा ढिले होतात. नाही झाले तर मूर्ती धुऊन, पूर्ण वाळवून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा, गोंद ठिसूळ होऊन सांधा कडकन सुटतो. प्लास्टिक सिमेंटचा सांधा मात्र वितळून एकजीव झालेला असतो, तो ना अल्कोहोलने सुटतो ना थंडीने. तिथे बारीक करवत. धातूचे हात परत जोडताना १ मिलिमीटरचं छिद्र पाडून पितळी तार घाला, नुसत्या गोंदावर ते टिकत नाहीत.

इनॅमल निघत नसेल तर डेटॉल. त्यात २४ तास ठेवा, पण पहिलं घासणं आणि धुणं डेटॉलमध्येच. रंगाने माखलेली मूर्ती थेट नळाखाली धरली की त्या रंगाचं डांबर होतं आणि ते काढणं हा वेगळाच छळ. शिवाय वास आठवडाभर जात नाही. धातूच्या सुट्या भागांना अ‍ॅसिटोन उत्तम.

धोक्याचं सांगायलाच हवं. आयपीएचा फ्लॅश पॉइंट साधारण १२ अंश सेल्सियस आहे, म्हणजे आपल्याकडे बारा महिने त्याची वाफ पेट घ्यायला तयार असते. स्वयंपाकघर नको, आणि देवघरात दिवा चालू असेल तर शेजारची खोलीही नको. खिडकी उघडी, हातात नायट्राइल मोजे. अल्ट्रासॉनिक क्लीनरच्या टाकीत हे कधीच ओतू नका. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धाआधीच्या धातूत शिसं असतं. त्यावर पांढरी-करडी भुकटी दिसली तर कोरडं घासू नका, ओलं पुसा, हात धुवा, आणि पुढे ती मूर्ती लाकडी कपाटात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनेच ती भुकटी धरते.

पाचपैकी चार गुण. एक गुण इनॅमलपाशी गेला. पैसे मात्र वसूल होतात, कारण गढूळ झालेलं द्रव दोन दिवस झाकून ठेवलं की गाळ बसतो, आणि वरचं कॉफी फिल्टरमधून गाळून तीन-चार वेळा तरी वापरता येतं. गाळ मोरीत ओतू नका, कागदावर उघड्यावर वाळवून कचऱ्यात टाका.

आणि जुने बेस काढलेच आहेत तर तेच परत चिकटवू नका: नाइटना २५×५० मिलिमीटर नाही, आता ३०×६० लागतो.