धरणात बीज सोडताय? दिवसाउजेडी बघितल्याशिवाय गाडी रिकामी करू देऊ नका

आमच्या मच्छीमार संस्थेकडे धरणाचा ठेका आहे आणि मत्स्यबीजात, म्हणजे वाढवायला सोडायच्या माशांच्या पिल्लांत, आमची जी फसवणूक झाली ती सगळी लिहितोय, कारण उद्या हीच गाडी दुसऱ्या कुणाच्या धरणावर उभी राहणार.

ऑर्डर होती कटला, रोहू, मृगळच्या बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांची, ८० ते १०० मिलिमीटर. हा साइज कुणी हौसेने मागत नाही, धरणात शिवडा, मरळ असले पिल्लं खाणारे मासे टपलेलेच असतात, इंचभराचं पिल्लू सोडलं की ते त्यांच्या पोटात गेलंच समजा. आणि बीज विकत आणावंच लागतं, कारण हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात सहसा नाही, आणि खालून वर येणाऱ्यांची वाट भिंतीनेच अडवलेली. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरींनी पिट्युटरी या ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची अंडी मिळवली, तेव्हापासून हॅचरीचं, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रातलं, बीज मिळायला लागलं, नाहीतर नदीतून गोळा करत बसावं लागायचं. म्हणजे सगळा धंदा बीजवाल्याच्या शब्दावर, आणि तिथेच घात होतो.

बीजवाल्याने गाडी मुद्दाम अंधार पडल्यावर आणली. आल्या आल्या आरडाओरडा, टाकीतला ऑक्सिजन संपतोय, पिल्लं मेली तर आम्ही जबाबदार नाही. मोजणी मगाने. पहिला मग त्याच्या माणसाने गाळणीने पाणी निथळून पिल्लांनी गच्च भरला, तेवढा सगळ्यांसमोर मोजला आणि तोच आकडा पुढच्या प्रत्येक मगाला लावला, पण पुढच्या मगांत निम्मं पाणीच. आमच्यातला एक जण बोलला तर त्यालाच गप्प केलं, म्हणे तुम्ही बोलत बसा, इकडे माल मरतोय.

नुसती मोजणीत मारली असती तरी एक वेळ सहन झालं असतं. पुढे जाळी लावली तर कटला-रोहू नावाला आणि बाकी सगळी चिलापी (तिलापिया), हाताच्या पंजापेक्षा लहान आणि पोटात अंडी तयार! हा मासा अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतो त्यामुळे जगतात जास्त, धरणातच वाढत जातो, गर्दी झाली की खुरटतो आणि बाकीच्यांचं खाणंही संपवतो. तळं असतं तर उपसून काढलं असतं हो, धरण कसं उपसणार? एका रात्रीत पुढच्या कितीतरी वर्षांचं नुकसान करून गेला तो माणूस. फोन केला तर म्हणतो चिलापी तुमच्याच पाण्यात होती, आणि बिलावर फक्त "मत्स्यबीज", ना जात ना साइज.

ज्यांचं बीज यायचंय त्यांनी गाडी उजेडातच बोलवा, रात्री आली तर सकाळपर्यंत थांबवा, ऑक्सिजनची सोय त्याने करायची. प्रत्येक टाकीच्या तळातून थोडी पिल्लं पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या, वरवरची नको. चिलापीच्या पिल्लाच्या अंगावर उभे पट्टे, पाठीवरचा पर काटेरी आणि त्याच पराच्या मागच्या बाजूला काळा ठिपका. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, एकदा शेजारी ठेवून बघितलं की परत चुकत नाही. पट्टी लावून लांबी मोजा, मोजणीचा मग मधूनच कुठलाही उचला आणि परत मोजायला लावा, व्हिडिओ चालू ठेवा, बिलावर जात, साइज, नग लिहून सही घ्या. थोडी पिल्लं धरणातच हापा (बारीक जाळीचा पिंजरा) बांधून त्यात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी त्यातली मेलेली किती ते बघूनच राहिलेले पैसे द्या.