काळी टेप पास, लाल टेप नापास

आधी निकाल सांगून टाकते. दोन इंची काळी गॅफर टेप, म्हणजे नाटकवाल्यांची कापडी चिकटपट्टी: पाचपैकी पाच. नटांच्या आणि फर्निचरच्या जागांवर खुणा करायची अर्ध्या इंची रंगीत स्पाइक टेप: साडेतीन, आणि त्यातल्या लाल रोलला शून्य. अंधारात चमकणारी ग्लो टेप: चार, पण डोकं ठिकाणावर ठेवून वापरली तरच. स्टेज मॅनेजर म्हणून माझं हे पहिलंच नाटक. सहा आठवडे तालीम, नऊ प्रयोग, आणि या तिन्ही टेप रोज माझ्या हातात. दिग्दर्शक आणि नटमंडळी कशी होती हे सांगितल्याशिवाय टेपबद्दल काही सांगताच येत नाही, तेव्हा थोडी चहाडी होईल.

सुरुवातीलाच मी माती खाल्ली. गॅफर आणि डक्ट एकच असं समजून डक्ट टेप घेऊन आले. दोघी बहिणी आहेत हे खरं. १९५९ साली रॉस लोवेल या प्रकाशयोजनेतल्या माणसाने डक्ट टेपचा गोंद कापडी पट्टीवर चढवला आणि गॅफर जन्माला आली. पण स्वभाव साफ वेगळे. डक्टची पाठ प्लॅस्टिकची, चकचकीत. वरून लाइट पडला की लखलखते. गॅफरची पाठ कापडी आणि मॅट. ती हाताने सरळ फाटते, कात्री शोधत बसावं लागत नाही, आणि उपटली की मागे गोंद राहत नाही. माझी डक्ट टेप दोन आठवड्यांनी निघाली ती अर्धीच. उरलेला चिकटा मी एका मुदत संपलेल्या बँक कार्डाने गुडघ्यांवर बसून खरवडत होते. दिग्दर्शक सर आत आले, बघितलं आणि म्हणाले, "नाटक उभं राहायच्या आधी तूच आडवी झालीस की."

तर गॅफर आणि स्पाइक आणली. तालमीच्या हॉलमध्ये सेट नसतो, म्हणून नेपथ्याचा आराखडा जमिनीवर खऱ्या मापात चिकटवायचा असतो. आमचा आराखडा १:२५ चा होता, म्हणजे कागदावरचे चार सेंटिमीटर जमिनीवर एक मीटर. आधी मधली रेघ आखून घ्यायची, मग तिच्यावरच्या दोन ठरलेल्या बिंदूंपासून मोजपट्टीने प्रत्येक कोपरा धरायचा. मला एकटीला तीन तास लागले. पहिल्याच दिवशी आमचा नायक फोनवर बोलत बोलत राजरोस दिवाणखान्याच्या भिंतीतून आरपार गेला.

"दादा, तिथे भिंत आहे."

"कुठे?"

टेपकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, "अगं, ही तर रेघ आहे." पुढचे चार दिवस तो भिंतीतूनच ये-जा करत राहिला. टेपचा यात काही दोष नाही, गुण कापलेले नाहीत.

टेपने मला खरं वाचवलं ते खुर्चीच्या भानगडीत. सर रोज ब्लॉकिंग, म्हणजे कोण कुठे उभं राहणार आणि काय कुठे ठेवणार ते, बदलायचे. तो त्यांचा हक्क, माझी तक्रार नाही. तक्रार अशी की बदललेलं त्यांना आठवायचं नाही. सोमवारी खुर्ची उजवीकडे, मंगळवारी मध्ये, आणि बुधवारी सगळ्यांसमोर, "ही इथे कोणी आणली? मी असं कधी म्हणालोच नाही." मी प्रॉम्प्ट बुक, म्हणजे सगळ्या नोंदींची माझी संहिता, उघडून मंगळवारची नोंद वाचून दाखवली. अगदी वेळेसकट. हॉलमध्ये जी शांतता पसरली तिच्यावरूनच कळलं की आपण फार मोठा मूर्खपणा केलाय. उरलेला दिवस सर माझ्याशी बोलले नाहीत, आणि खुर्चीबद्दल तर कोणाशीच बोलले नाहीत.

त्यानंतर मी खुर्चीच्या खुणेसाठी पांढरी स्पाइक वापरायला लागले, कारण पांढरीवर मार्करने लिहिता येतं. खुर्ची हलली की जुनी खूण काढायची नाही. नवी लावायची आणि टोकावर बारीक अक्षरात वार लिहायचा. सो, मं, बु. पुढच्या वेळी आवाज चढला तेव्हा मी तोंड उघडलंच नाही. सर खुर्चीपाशी गेले, खाली वाकले, तिन्ही खुणा वाचल्या, आणि म्हणाले, "मंगळवारचीच बरी होती." वर, "कोणी लावल्यात या? चांगलंय." कोणी म्हणजे काय, हॉलमध्ये टेपवाली मी एकटीच होते! असो. खूण लावताना फर्निचरचे मागचे दोनच पाय धरायचे, पुढचे धरले तर पहिल्या रांगेला दिसतात. आणि प्रत्येक तुकड्याचं एक टोक जरासं दुमडून ठेवायचं, काढताना नखं तुटत नाहीत.

आता ताई. कंपनीतल्या सगळ्यात ज्येष्ठ. खुणेवर कधीही थांबायच्या नाहीत. दीड पाऊल अलीकडे, नाहीतर दोन पावलं पलीकडे, म्हणजे स्पॉट एकीकडे आणि ताई दुसरीकडे. मी हळूच आठवण केली तर म्हणाल्या, "खुणेवर उभं राहायला मी काय बाहुली आहे?" सर मला झापणार, त्यांना नाही, हे उघडच होतं. एकदा मी चिडून त्यांच्या जागेवर भलामोठा फुलीचा तुकडा मारला, दोन इंची, पांढऱ्या गॅफरचा. उर्मटपणाच होता तो. त्या दिवशी ताई चालत आल्या आणि बरोब्बर फुलीवर थांबल्या. दुसऱ्या दिवशीही. मग माझी ट्यूब पेटली. तालमीत त्या चष्मा काढून ठेवायच्या, भूमिकेला चष्मा नव्हता म्हणून. काळ्या जमिनीवरची अर्ध्या इंची निळी रेघ त्यांना दिसतच नव्हती, आणि ते सांगण्यापेक्षा बाहुलीचा टोमणा मारणं सोपं होतं. मी कोणाला काही बोलले नाही. ताईंच्या सगळ्या खुणा रुंद पांढऱ्या केल्या, प्रयोगासाठी थोड्या आखूड. स्पाइक टेपचा अर्धा गुण इथे कापला आहे: बाजारात ती बहुतेक अर्ध्या इंचीच मिळते, जणू सगळ्या नटांचे डोळे विशीतले.

लालचं शून्य का? अंक दोनचा रात्रीचा प्रवेश मी लाल खुणांनी बांधला होता, प्रत्येक प्रवेशाला वेगळा रंग म्हणून. तालमीच्या ट्यूबलाइटमध्ये झकास दिसत होत्या. टेक रिहर्सलला, म्हणजे लाइट-साउंडसकटच्या तालमीला, गडद निळा प्रकाश आला आणि सगळ्या खुणा गायब. निळ्या प्रकाशात लाल काळी दिसते, कारण परत फेकायला तिच्याकडे काहीच येत नाही. काळ्या जमिनीवर काळी टेप! चार नट चार दिशांना, मध्ये नायक ओरडतोय, "माझी जागा कोणी पळवली?" हे मला आधी कळायला हवं होतं, मान्य, पण शून्य ते शून्यच.

ग्लो टेप प्रकाश पिऊन घेते आणि अंधारात सोडते. पॅकेटवर मोठमोठे तास लिहिलेले असतात, पण पहिल्या काही मिनिटांतच तिचं तेज झपाट्याने उतरतं. लेव्हलच्या, म्हणजे सेटवरच्या उंचवट्याच्या, मागच्या पायरीला मी ती लावली होती. ब्लॅकआऊटच्या आधीचा प्रवेश बारा मिनिटांचा आणि जेमतेम उजेडाचा. टेपला प्यायला काही मिळालंच नाही. अंधार झाला, नायकाचं पाऊल चुकलं, नडगी सोलली. सरांनी विचारलं, "टेप लावली होतीस ना?" लावली होती, उपाशी ठेवली होती. दुसऱ्या प्रयोगापासून प्रॉम्प्ट बुकमध्ये लाइट क्यू (लाइट बदलायचा इशारा) ३१ आणि ३२ च्या मध्ये पेन्सिलीने नवी ओळ आली, "टॉर्च, पायरी". विंगेतला मुलगा सेटच्या आडून त्या पायरीवर अर्धा मिनिट टॉर्च धरायचा. पुढच्या आठही प्रयोगांत कोणी पडलं नाही.

काळ्या गॅफरची एकच खोड आहे, तिचा आवाज. रोलवरून ओढली की चर्रर्र असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. टेकच्या दिवशी ताईंच्या स्वगतात मी तो काढला आणि सरांनी नाटक थांबवलं. तेव्हापासून तालमीआधी वीसेक तुकडे फाडून फाइलच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवते. प्रयोगाच्या आधी ताई यायच्या, न विचारता त्यातला एक उचलायच्या आणि झग्याची उसवलेली किनार आतून चिकटवून चालत्या व्हायच्या. कापडावरही टिकते ती, एका प्रयोगापुरती.