सर्ज एक्सटी : एकाने सोडलेला, अनेकांनी उचललेला सिंथ – आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपने तीन वर्षांपूर्वीची एक एकांकिका पुन्हा उभी करायची ठरवली. पार्श्वसंगीत माझंच होतं, म्हणून निर्धास्तपणे रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला जुना प्रोजेक्ट उघडला, तर निम्मे ट्रॅक मुके. ते आवाज मी ज्या सॉफ्टवेअर सिंथवर, म्हणजे संगणकातच आवाज घडवणाऱ्या वाद्यावर, बनवले होते तो पैसे मोजून घेतलेला होता. मधल्या काळात ती कंपनी बंद झाली. नव्या लॅपटॉपवर सिंथ बसवला, पण तो सुरू करण्यासाठी ज्या सर्व्हरची परवानगी लागायची तोच आता अस्तित्वात नव्हता. नोटा शाबूत होत्या, आवाज गेले होते. दोन रात्री जागून, प्रयोगाचं जुनं रेकॉर्डिंग कानाला लावून, जमतील तेवढे आवाज पुन्हा बांधले. एका प्रवेशाखालची गुणगुण मात्र आजतागायत तशी आलेली नाही.

त्या दोन रात्रींनंतर मी सर्जकडे वळले. तो फुकट आहे हे कारण नव्हतं. तो एकदा मरणाच्या दारात जाऊन आलेला आहे, हे कारण होतं.

सर्ज मुळात क्लेस योहान्सन या एका माणसाने लिहिलेला सिंथ. व्हेंबर ऑडिओ या नावाने तो बरीच वर्षं विकत असे. पुढे योहान्सन बिटविग हे संगीताचं सॉफ्टवेअर उभं करणाऱ्यांपैकी एक झाला आणि सर्ज मागे पडला. अशा वेळी बहुतेक सॉफ्टवेअरचं काय होतं ते मी वर सांगितलंच. योहान्सनने सप्टेंबर २०१८ मध्ये वेगळं केलं. अर्धवट झालेली १.६ ही आवृत्ती होती तशी, सगळ्या सोर्स कोडसकट, जीपीएल-३ परवान्याखाली खुली करून टाकली. या परवान्यामुळे कोणीही कोड घ्यावा, बदलावा, वाटावा. अट एवढीच की बदललेला सिंथ वाटताना त्याचा कोडही त्याच परवान्याखाली द्यायचा. म्हणजे हा सिंथ पुन्हा कुणाच्या एकट्याच्या कपाटात बंद होऊ शकत नाही.

मग जगभरातल्या स्वयंसेवकांनी तो हातात घेतला. त्यांनी मॅक आणि लिनक्सवर तो नीट चालता केला, नवे ऑसिलेटर (मूळ ध्वनी निर्माण करणारे भाग) आणि फिल्टर (तो ध्वनी गाळणारे भाग) घातले, आणि शेवटी दर्शनी भाग जेयूसीई या तयार कोड-चौकटीच्या पायावर नव्याने बांधून जानेवारी २०२२ मध्ये ‘सर्ज एक्सटी’ आणला. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एक्सटी हा त्यांनी वेगळा प्लगइन (रीपरसारख्या सॉफ्टवेअरच्या आत चालणारा जोड-प्रोग्रॅम) ठेवला. जुना सर्ज १.९ आणि एक्सटी एकाच मशीनवर शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे आधीच्या सर्जवर केलेली कामं मुकी पडत नाहीत. शिवाय जुने पॅच, म्हणजे जतन केलेले आवाज, एक्सटीमध्ये उघडतात ते वेगळंच. ज्याचे ट्रॅक एकदा गेले आहेत त्याला या निर्णयाची किंमत कळेल.

आता प्रत्यक्ष वापर. माझा लॅपटॉप साधा आहे, आठ जीबी रॅमचा, लिनक्सवर चालणारा. सर्जमध्ये दोन सीन असतात, ए आणि बी; प्रत्येकात तीन ऑसिलेटर, दोन फिल्टर आणि बारा एलएफओ, म्हणजे आवाजाचे गुण आपोआप वरखाली हलवणारे भाग. सगळं एकाच पडद्यावर मांडलेलं असल्याने पहिल्या आठवड्यात डोळे गरगरतात. त्यातून वाट काढायची तर आधी ही हलवण्याची क्रिया, मॉड्युलेशन, शिका. एलएफओचं बटण निवडून पुन्हा दाबलं की पडद्यावरच्या ज्या ज्या सरकपट्ट्यांना तो एलएफओ हलवू शकतो त्या रंग बदलतात. मग पट्टी ओढायची, झालं. तारा जोडायच्या नाहीत, तक्ते भरायचे नाहीत. हे एकदा हाताला बसलं की दुसऱ्या सिंथवर गेल्यावर अडखळायला होतं.

नाटकाच्या कामाला तो किती उपयोगी आहे याचं एक उदाहरण देते. मला पत्र्यावरचा पाऊस हवा होता, पण रेकॉर्ड केलेला नको, प्रवेश तापेल तसा वाढणारा हवा होता. एस अँड एच नॉइज ऑसिलेटर घेतला, त्याच्यापुढे खालचे, जाड आवाज गाळणारा हायपास फिल्टर लावला, फिल्टरच्या कटऑफला (जिथून गाळणं सुरू होतं त्या सीमेला) एक वेगवान, बेभरवशाचा एलएफओ दिला आणि शेवटी रेझोनेटर हा इफेक्ट. पत्र्याची ती पोकळ, किंचित धातूची झिणझिण रेझोनेटरने आणली. पावसाचा जोर कीबोर्डवरच्या मॉड व्हील या चाकावर बांधला. प्रयोगात मी नटाचं वाक्य ऐकत व्हील सरकवत होते, आणि पाऊस त्याच्याबरोबर वाढत होता.

पण सर्जवर माझा जीव जडला तो सुरांमुळे. आपले बहुतेक कीबोर्ड समान अंतराच्या बारा स्वरांत बांधलेले असतात. त्यात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो (सेंट म्हणजे अशा दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो तो ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक पेटीवर गाणाऱ्याला रोज टोचतो. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटी दूर ठेवली त्यामागच्या वादात हाही मुद्दा होताच. सर्जमध्ये स्काला पद्धतीची एससीएल फाइल, म्हणजे स्वरांतरांची यादी, खिडकीवर ओढून टाकली की सप्तकातल्या स्वरांच्या जागा बदलतात. ही फाइल म्हणजे साधा मजकूर. वर एक ओळ वर्णनाची, मग स्वरांची संख्या १२, मग एकेका ओळीवर एकेक गुणोत्तर. मी वापरते ती अशी : १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८ आणि शेवटी २/१. षड्जाचा १/१ लिहायचा नसतो, तो गृहीत असतो. फाइलमधले आकडे अर्थातच इंग्रजी लिपीत टाका.

इथे एक गोष्ट मला उशिरा कळली, ती तुम्हाला आधीच सांगते. नुसती एससीएल टाकली तर षड्ज पांढरी एकवर बसतो. आमची गायिका काळी दोनमध्ये गाते. तिच्यासाठी सोबत केबीएम फाइल लागते, जिच्यात कीबोर्डची कोणती पट्टी हा सा आणि त्याची कंपनसंख्या किती हे लिहायचं. काळी दोनसाठी मी पट्टी ६३ (संगणक कीबोर्डच्या पट्ट्या ज्या मिडी क्रमांकांनी ओळखतो त्यातला क्रमांक) आणि ३११.१३ हर्ट्झ धरते. हे केलं नाही तर गुणोत्तरं भलत्याच स्वरापासून मोजली जातात आणि रिषभ, कोमल गंधार असे स्वर खटकायला लागतात. पहिल्या तालमीत नेमकं हेच झालं होतं. गायिकेने डोळे न उघडताच हात वर केला.

फाइल नीट लावून मंद्र सा आणि पंचम धरून ठेवले, वर गंधार दाबला, आणि समान अंतराच्या गंधारात जी कापरी थरथर असते ती थांबली. मी मिरजेजवळ राहते. तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानांत जवारी लावताना उभं राहून ऐकलंय. तरीही कीबोर्डमधून तो स्थिर गंधार पहिल्यांदा ऐकला तेव्हा बराच वेळ बोट उचलवलं नाही.

म्हणून सर्जला तंबोरा समजू नका. त्यात स्ट्रिंग नावाचा ऑसिलेटर आहे, छेडलेल्या तारेचं गणित करणारा, आणि त्यावर सुंदर झंकार निघतात. पण जवारी म्हणजे घोडीचा उतार आणि तिच्यावरचा दोरा. तार त्या उतारावर घासत जाते तेव्हा तो नाद फुलतो, ते या गणितात नाही. तसंच दरबारीचा आंदोलित गंधार कुठल्याही स्थिर फाइलीत मावत नाही, त्याला पिच बेंड (स्वर सरकवणारं चाक) किंवा एमपीई कीबोर्डच, म्हणजे प्रत्येक बोटाखालचा स्वर स्वतंत्रपणे हलवू देणारा, हवा. सर्ज एमपीई ओळखतो. माझ्याकडे तसा कीबोर्ड नाही.

बाकीचं थोडक्यात. ट्विस्ट हा ऑसिलेटर म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या प्लेट्स या हार्डवेअर मॉड्यूलच्या खुल्या कोडवरून आलाय आणि घंटा, टाळांसारख्या आवाजांना फार चांगला आहे. इफेक्टच्या सोळा जागा मला पुरून उरतात. तयार पॅच हजारोंनी आहेत, त्यातले कितीतरी नृत्यसंगीताच्या वळणाचे, त्यामुळे नाटकवाल्यांनी कोऱ्या पॅचपासून सुरुवात केलेली बरी. युनिसनचे आवाज (एकाच स्वराच्या एकावर एक चढवलेल्या प्रती) वाढवले की साध्या लॅपटॉपवर प्रोसेसर लगेच तापतो, तेव्हा पक्का झालेला ट्रॅक ऑडिओ करून ठेवा. आणि ज्यांचं सॉफ्टवेअर फक्त व्हीएसटी२ ही प्लगइनची जुनी पद्धत ओळखतं त्यांना अधिकृत इन्स्टॉलरचा उपयोग नाही. ती पद्धत काढणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने २०१८ मध्ये तिचे नवे परवाने थांबवले, म्हणून व्हीएसटी३, एयू, क्लॅप अशाच रूपांत तो मिळतो.

एक गोष्ट मात्र थोडक्यात उरकता येत नाही. आमच्या ग्रुपमधला कीबोर्डवादक दादा अंध आहे. आजवर त्याला सिंथमधला आवाज बदलायचा असला की माझ्यासारखं कुणीतरी शेजारी बसायचं आणि तो सांगायचा, ‘अजून थोडं उघड, अजून, बस.’ एक्सटीमध्ये स्क्रीन रीडरची सोय आहे, पट्ट्यांची नावं आणि किमती वाचून दाखवल्या जातात, माऊसशिवाय टॅब आणि बाणांच्या कळांनी सगळीकडे फिरता येतं. मी त्याला फक्त इन्स्टॉल करून दिला. पंधरा दिवसांनी त्याने मला एक पॅच पाठवला, पहाटेच्या प्रवेशासाठी. दूरवर भोंगा, त्याखाली हळूहळू उघडत जाणारा एक सा. मी फाइल उघडून प्रत्येक एलएफओ बघत बसले, त्याने हे कसं बांधलं ते शिकायला. येत्या प्रयोगात तो पॅच जसाच्या तसा वाजणार आहे.